खाडीतलं गवत

थाप

समुद्रात गवत असतं, एवढंच मेहरुन म्हणाली होती.

रत्नागिरीकडची पोर, लग्न होऊन लोणावळ्यात आलेली. घाटात विजेची इंजिनं अजून यायची होती. नवरा नूरमहंमद इंजिनावर कोळसा ओढायला जायचा, परतायचा तो झोपायलाच. घरात तिसरं माणूस नाही. बोलायला काय त्या विहिरीवरच्या बाया.

"गवत? पान्यात?" दूधवाल्या झुंबरबाईनं घागर टेकवली. "मंग मासं चरत्यात व्हय?"

"कासवं चरतात, मावशी."

हसता हसता एकीच्या हातून दोर सुटला.

तेव्हापासून ती थापाडी. दूध नासलं म्हणाली, तरी उत्तर तयार: "कासवानं तोंड घातलं आसंल."

गवत

भाऊ अल्लाउद्दीन भेटायला यायचा होता. तिनं त्याच्याकडे ना आंबे मागितले, ना कापड. ओहोटीला खाडीत उतरून त्यानं गवत मुळांसकट उपटलं, ओलं पोतं पाठीवर घेऊन आला.

"येडी आहेस," म्हणाला. आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलाही.

पोतं सोडलं. घरभर माहेर.

उद्या विहिरीवर न्यायचं. बायांच्या पुढ्यात ठेवायचं. बोलायचं काहीच नाही.

कुजू नये म्हणून तिनं ते कुंपणावर पसरलं.

चारा

सकाळी कुंपण मोकळं. एक पातंसुद्धा नाही.

झुंबरबाई डोक्यावर भारा घेऊन दारात. "म्हस सुटली गं दावं तोडून. तुजं गवत खाल्लं. घे, गवताला गवत."

भारा हिरवागार होता. मेहरुनकडे शेळीसुद्धा नव्हती.

"मावशी, ते समुद्रातलं होतं. तेच."

झुंबरबाई थबकली. "तरीच. म्हस सारकी पानी मागतीया. बादलीवर बादली." तिनं डोळे बारीक केले. "खारट हुतं व्हय?"

"हो! हो, मावशी!"

मेहरुन उंबरा ओलांडून पुढं आली.

"म्हंजी मीठ लावलं हुतंस? आमास्नी फशिवन्यासाटी?"

मीठ

खाडी. ओहोटी. गुडघाभर पाण्यात वाकलेला भाऊ. पाण्यात हलणारी पाती, कुणी हळूच कुरवाळावीत तशी.

हे सगळं पुन्हा सांगायचं. कुणाला?

"हो," मेहरुन म्हणाली. "लावलं होतं."

झुंबरबाई इतकी हसली की तिनं पदरानं डोळे टिपले. "लय अवली हायेस! आदी न्हाई का सांगायचं? आमी येडीच समजत हुतो तुला." मनगट धरून तिनं तिला विहिरीवर नेलं.

बाया सरकल्या, जागा झाली. एकीनं तिची घागर आपणहून भरून दिली. दुसरी म्हणाली, "बस की गं, घाई कशाची?" झुंबरबाई हातवारे करून सांगत होती, पोरीनं मीठ कसं चोळलं, म्हशीला कसं फसवलं.

मेहरुनही हसत होती. गोष्ट चांगली रंगली होती, आणि तिच्यात समुद्र कुठंच नव्हता.