दवाखान्यासमोरचा रस्ता

बसड्रायव्हरच्या धाकट्या लेकीला घरात सगळे पुढारीणबाई म्हणत. कुठं काही वाकडं दिसलं की ते सरळ करणं आपलंच काम, असं ती धरूनच चालायची. तिची भाषणं ऐकून आईचे कान किटले होते. बाबा गालातल्या गालात हसायचे.

त्या वर्षी तिनं सरकारी दवाखान्यासमोरचा रस्ता मनावर घेतला. म्हातारीकोतारी, कुबड्यावाली माणसं पलीकडे औषधाच्या दुकानात जायला ताटकळायची, पण एक गाडी थांबेल तर शपथ! नगरपालिकेत खेटे घालून झाले. साधे पांढरे पट्टेही कुणी मारले नाहीत.

"आता मीच उभी राहते," तिनं जाहीर केलं.

"गाड्या काय तुझ्या ओळखीच्या आहेत?" आई कडाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भरलेली बस घेऊन दवाखान्यापाशी आले, तर भर रस्त्यात दोन्ही हात पसरून पुढारीणबाई हजर, आणि तिच्या आडून एक आजी काठी टेकत रस्ता ओलांडतायत! त्यांनी करकचून ब्रेक दाबला. खिडकीतून डोकं बाहेर काढून ते ओरडले,

"हो बाजूला!"

"बाबा, या आजींना जाऊ दे ना!"

पोर तसूभर हलली नाही. मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला.

"अहो, घ्या ना पुढं! कामाला उशीर होतोय," एक प्रवासी खेकसला.

बाबांनी इंजिनच बंद केलं. "माझी मुलगी आहे ती," ते मागे वळून म्हणाले. "आणि आजी अजून निम्म्यातच आहेत."

"बापालाच अडवलं की हो हिनं!" मागून एक बाई म्हणाली, आणि अख्खी बस हसली.

डेपोत दोस्तांनी त्यांची यथेच्छ खेचली. "हसा लेको," बाबा म्हणाले, "पण तिथं गाडी थांबवत जा. पोर उभी असते माझी."

दोस्तमंडळी थांबू लागली. बस थांबली की मागच्यांनाही थांबावंच लागे. पुढारीणबाई कॉलेजला जाण्याआधी रोज तिथं उभी राहायची. शिव्या खायची, कधी कुणाचा हात धरून पलीकडे न्यायची.

मग एकदा ती तापानं फणफणली. बाबा नेहमीसारखे बस घेऊन निघाले. दवाखान्यासमोर एक गृहस्थ कुबड्या सावरत रस्त्यात उतरत होते. बाबांचा पाय ब्रेककडे गेला, तेवढ्यात पुढचा एक अनोळखी स्कूटरवाला थांबला आणि त्यानं हातानं खूण केली, "या, या, सावकाश."

घरी आल्यावर बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवून सगळं सांगितलं.

ती ताडकन उठून बसली. "स्कूटरवाला? आपणहून?"

"आपणहून."

तिचे डोळे भरून आले. "बाबा, परत सांग ना."

बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.