जाड दांडीचा कुंचला

बाळीवेशीत महादेवप्पा काताऱ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे घरापुढची पडवी आणि तिच्यात मांडलेला खराद. बायको चंद्रव्वा दोरी ओढायची, लाकूड गरगर फिरायचं आणि महादेवप्पा त्यावर पटाशी टेकवायचा. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर, जे कुणी मागेल ते होऊन निघायचं. नवराबायकोचं भांडण झालं की चंद्रव्वा दोरी अशी काही हिसडायची, की त्या दिवशी भोवरे निम्म्या वेळात तयार व्हायचे.

एकोणीसशे अठ्ठावीस साली गावात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला एक नाटक कंपनी आली होती. बुधवारी सकाळी त्या कंपनीतला एक म्हातारा पडवीशी येऊन उभा राहिला. अंगात काळा कोट, हातात कापडात गुंडाळलेला एक बारीक कुंचला.

"याला दांडी करून मिळंल का?" त्यानं विचारलं.

महादेवप्पानं कुंचला उलटसुलट करून पाहिला. खारीच्या शेपटीचे केस, पितळेची नळी आणि बोरूएवढी बारीक दांडी. "ही दांडी तर चांगली हाय की, मामा. कुटं मोडली न्हाय, कुटं चिरली न्हाय."

"दांडी चांगली हाय. बोटं बिघडल्यात."

म्हातारा पडवीच्या कडेला टेकला आणि बोलू लागला. त्याचं नाव कुंडलिक, गाव केम. तीस वर्षं तो नटांची तोंडं रंगवत आला होता. गेल्या पावसाळ्यापासून बोटांची पेरं सुजली, थंडीत तर मिटायलाच तयार नाहीत. मंगळवारच्या खेळाआधी तो राणीची भुवई काढत असताना कुंचला बोटांतून सटकला आणि भुवई कपाळाच्या मध्यापर्यंत चढली. पुसून नीट करायला वेळ उरला नव्हता, पडदा वर गेला.

"राणीचा मुलगा मरतो तो प्रवेश," कुंडलिक म्हणाला. "राणी रडतीय आणि एक भुवई अशी वर! म्हंजे मुलगा मेला याचं तिला नवल वाटतंय असं दिसाय लागलं. लोक हसले. सगळा तंबू हसला."

चंद्रव्वाला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण म्हातारा स्वतःच हसला तेव्हा तिनं तो काढला.

"मालक म्हणाले, शनिवारी बायकांसाठी दुपारचा खेळ हाय. त्यातबी असं झालं तर हुबळीहून दुसरा माणूस बोलवतो. चूक त्यांची न्हाय. पण मला दुसरं काय येतंय?"

महादेवप्पानं शिसवीचा तुकडा खरादाला चढवला. तासाभरात अंगठ्याएवढी जाड, गुळगुळीत दांडी तयार झाली. दिसायला राजबिंडी. कुंडलिकनं ती धरली, हवेत एक भुवई काढली, आणि मनगट खाली लवलं.

"जड झाली," तो ओशाळून म्हणाला.

महादेवप्पाला राग आला. म्हाताऱ्याचा नव्हे, शिसवीचा. चंद्रव्वा मात्र कुंडलिकच्या हाताकडे बघत होती. तिनं त्याला पितळी पेल्यात चहा दिला होता, आणि पेला त्यानं चारी बोटांच्या मिठीत अगदी सहज धरला होता.

"आवो, त्यांची बोटं मिटत न्हाईत, पर वाकत्यात की," ती नवऱ्याला म्हणाली. "जेवढी वाकत्यात तेवढ्यात मावंल अशी दांडी करा. आन् लाकूड हलकं घ्या, पांगाऱ्याचं."

"माप कशानं घेऊ?"

ती आत गेली आणि घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन आली. "मामा, भुवई काढताना धरता तसं धरा."

कुंडलिकनं धरलं. कणकेवर पाचही बोटांचे खळगे उमटले. महादेवप्पानं तो गोळा जपून फळीवर ठेवला आणि उद्या पहिलं काम हेच असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर गोळा नव्हता. खाली शेजारच्या सावित्रम्माची शेळी ओठ चाटत उभी होती.

"मामाचा हात खाल्लास की गं!" चंद्रव्वा ओरडली. सावित्रम्मा धावत आली, तिला काहीच कळेना, आणि आपल्या शेळीनं कुणाचा हात खाल्ला म्हणून ती बिचारी रडकुंडीला आली. तिची समजूत घालण्यात अर्धी सकाळ गेली. मग महादेवप्पा स्वतः तंबूवर जाऊन कुंडलिकला घेऊन आला. या वेळी चंद्रव्वानं कुंभाराकडची माती आणली होती. "आता खा म्हणावं," ती शेळीकडे बघून म्हणाली.

पांगाऱ्याची दांडी खरादावर झाली ती वांग्यासारखी दिसत होती, मधे फुगीर आणि टोकाला निमुळती. पण खराद फक्त गोल करतो, बोटांचे खळगे करत नाही. ते महादेवप्पानं मातीच्या गोळ्याकडे बघत बघत कानशीनं घासून काढले. सगळा शुक्रवार त्यात गेला. लाख चढवायला तो निघाला, तेव्हा कुंडलिकनंच थांबवलं. "नको. तेलकट हातातून लाख निसटती. उघडं लाकूडच बरं."

शनिवारी दुपारी तंबूत पुरुषांना मज्जाव होता. चंद्रव्वा सावित्रम्माला घेऊन पुढच्या बाकावर बसली. महादेवप्पाला कुंडलिकनं रंगपटात नेलं. राणीचं काम करणारा जोतीराम आरशापुढे बसला होता. चेहऱ्यावर सफेदा, गालांवर लाली, आणि भुवयांची जागा अजून कोरी.

"ह्ये काय धरलंय हातात?" जोतीराम दचकला. "वांगं?"

"गप बस. हलू नको."

कुंडलिकनं कुंचला काजळीत बुडवला. महादेवप्पानं श्वास रोखला. त्यानं जन्मात हजार वस्तू केल्या होत्या, पण आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात कशी चालते हे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. दांडी बोटांत बसली. हात नाकाच्या मुळापासून निघाला आणि एका दमात कानशिलाकडे गेला. दुसरी भुवईही तशीच. दोन्ही अगदी सारख्या.

जोतीराम आरशात बराच वेळ बघत राहिला. मग वळून म्हणाला, "मामा, दहा वर्षांत अशी काढली नव्हती तुमी."

कुंडलिकनं डोळे पुसले, आणि हाताला काजळी होती म्हणून त्याच्याच गालावर काळा पट्टा उमटला. महादेवप्पानं उपरण्याच्या टोकानं तो पुसून दिला.

मुलगा मरतो त्या प्रवेशाला सगळा तंबू रडला. कनातीपलीकडून बायकांचे हुंदके ऐकू यायला लागले तसे मालक विंगेतून रंगपटात आले, कुंडलिकच्या पाठीवर थाप मारली आणि एवढंच म्हणाले, "हुबळीला पत्र पाठवलं न्हाय अजून. राहू दे आता."

खेळ सुटल्यावर चंद्रव्वा सुजलेल्या डोळ्यांनी रंगपटाच्या दाराशी आली. तिला राणीला भेटायचं होतं. राणी पातळ गुडघ्यापर्यंत खोचून पेटीवर बसली होती आणि बिडी ओढत होती.

"अय्यो!" चंद्रव्वा म्हणाली.

जोतीरामनं घाईघाईनं बिडी मागं लपवली आणि पदर डोक्यावर घेतला. "या की, अक्का. बसा."

चंद्रव्वा बसली. राणीच्या भुवया तिनं अगदी जवळून पाहिल्या, आणि आपल्यालाही एकदा तशा काढून द्याव्यात असं तिनं कुंडलिकला सांगितलं. महादेवप्पा नको नको म्हणत होता, तोवर कुंडलिकनं कुंचला उचलला होता.

त्या संध्याकाळी कंपनीतल्या राजानं, विदूषकानं आणि राक्षसानंही आपापले कुंचले महादेवप्पापुढे आणून ठेवले. राक्षसाच्या पंजाला माती कमी पडली. आणि चंद्रव्वा राणीच्या भुवया घेऊन बाळीवेशीतून घरी चालत गेली, तेव्हा ओट्याओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि ती मान ताठ ठेवून, कुणाकडेही न बघता, अगदी सावकाश चालली.