उस्तादांच्या खिशातून ऐकलेलं

मित्रांनो, मी एक जुना म्युझिक प्लेअर आहे. मला हातात घेणार असाल तर आधी हात धुतलेत का, ते सांगा. राग मानू नका, माझा स्वभावच संशयी आहे. मी करड्या रंगाचा, थोडा जाडजूड, पाठीवर एक छोटासा स्पीकर आणि कडेला आवाजाची दोन बटणं. त्यातलं आवाज कमी करायचं बटण अजून नव्यासारखं आहे. वाढवायचं मात्र पार गुळगुळीत झालंय. ते तसं का झालं, हे मलाही फार उशिरा कळलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एका मुलीने इअरफोन कानाला लावून माझं गाणं क्षणभर ऐकलं आणि ‘पास’ असा शिक्का मारला. एवढ्यात कुणाची पारख होते का? पण शिक्का बसला, खोक्यात भरलं आणि मी दुकानात आलो.

दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकाने मला धडा शिकवला. एका गृहस्थाने मला नेलं, घरच्या समारंभात दिवसभर वाजवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ‘आवाज फुटतो’ असं सांगून परत आणून दिलं. धडधडीत खोटं! दुकानदाराने काय करावं? खोक्याला नवी चिकटपट्टी लावली आणि मला पुन्हा कोरा करकरीत ठरवलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि हसणाऱ्यावर तर मुळीच नाही.

अशात एके दिवशी एक जोडपं दुकानात आलं. त्यातले यजमान पाण्याचे पंप आणि जनरेटर दुरुस्त करायचे. वर्कशॉपमधली माणसं त्यांना उस्ताद म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. मीही तेच म्हणेन. दोघांचे केस पिकायला लागले होते. घरातला रेडिओ कायमचा बंद पडला होता, म्हणून ते दोघांत मिळून एक प्लेअर घ्यायला आले होते. सकाळी बसमध्ये वहिनींनी ऐकायचा, संध्याकाळनंतर उस्तादांनी.

दुकानदाराने लगेच दोन घ्यायचा आग्रह धरला. वहिनींनी नाक मुरडलं.

“दोन घेतले की दोघं दोन कोपऱ्यांत बसतील. एकच द्या,” त्या म्हणाल्या.

त्यांची नजर एका लाल, नाजूक, चकचकीत प्लेअरवर खिळली होती. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उस्तादांनी मात्र मला उचललं, उलटंसुलटं केलं, आणि दुकानदाराला दोन गोष्टी विचारल्या. आवाज किती मोठा होतो आणि माणसाचं बोलणं रेकॉर्ड होतं का. दुकानदार म्हणाला, या दोन्ही गोष्टींत याचा हात कोणी धरणार नाही.

“गाणी ऐकायला घेतोय ना आपण? मग रेकॉर्ड कशाला?” वहिनींनी विचारलं.

उस्ताद उत्तर न देता नुसते हसले आणि मला काउंटरवर ठेवून म्हणाले, “हाच द्या.”

वहिनींच्या मनात शंकेची पाल तिथेच चुकचुकली. माझ्याही. बायकोला आवडलेला लाल प्लेअर सोडून हा माणूस माझ्यासारखा ठोकळा घेतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणार.

वहिनींचं कामच असं होतं, की माणूस संशयी व्हावा. त्या एका लाँड्रीच्या काउंटरवर असत. कपडे घ्यायचे, पावती द्यायची आणि धुवायला टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून पाहायचा. नियमच होता तसा. एखादं पेन राहून गेलं तर दहा जणांचे कपडे शाईने माखत. पण खिशातून पेनंच निघतात असं थोडंच आहे? सिनेमाची तिकिटं निघत, लपवलेल्या गोळ्या निघत, ‘गेलोच नव्हतो’ म्हणून घरी सांगितलेल्या हॉटेलांची बिलं निघत. वहिनी ते सगळं पाकिटात घालून मुकाट्याने परत करत. इतकी वर्षं परक्यांचे खिसे पाहिल्यावर कोण भोळं राहील?

आणि आता मी त्यांच्याच नवऱ्याच्या वरच्या खिशात बसू लागलो.

पहिली तक्रार आवाजाची. सकाळी बसमध्ये वहिनी इअरफोन लावून बटण दाबत आणि दचकून अर्ध्या उठत. माझा आवाज शेवटच्या टोकाला असायचा. शेजारचे प्रवासी वळून बघत. संध्याकाळी त्यांनी मला नवऱ्याच्या नाकासमोर धरून विचारलं, तर उस्ताद म्हणाले, खिशात बटण दाबलं गेलं असेल. ठीक आहे, एकदा दाबलं जाईल. पण रोज? आणि रोज वाढवायचंच? कमी करायचं बटण तर शेजारीच होतं, त्याने काय पाप केलं होतं?

दुसरी गोष्ट तर फक्त मलाच माहीत होती. दोघं जेवायला बसली की उस्ताद खिसा सारखा केल्यासारखं करून माझं रेकॉर्डिंगचं बटण दाबत. मग माझ्या पोटात भरत जाई ती शर्टाची खसखस, ताटांचा आवाज आणि वहिनींचं बोलणं. लाँड्रीत कोण भांडलं, मोरीतला नळ कसा गळतोय, धाकट्या बहिणीच्या मुलीची परीक्षा कधी आहे. उस्ताद मान हलवत, हसत, ‘बरं बरं’ म्हणत. जेवण झालं की ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून निघत. पण पाय कसले मोकळे करतात! दोन जिने चढून गच्चीच्या बंद दारापाशी पायरीवर बसत, इअरफोन कानात घालत, आवाज टोकाला नेत आणि डोळे मिटून बायकोचं सगळं बोलणं पुन्हा ऐकत. ऐकून झालं की पुसून टाकत.

मी मनाशी म्हटलं, सापडला! हा माणूस बायकोविरुद्ध पुरावा गोळा करतोय. पुरावा गोळा करणारा तो पुसेल कशाला, हा साधा प्रश्न मला पडला नाही. संशयाला सोयीचं तेवढंच दिसतं, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झालेला असायचा. भाचीच्या परीक्षेच्या दिवशी तिला न चुकता शुभेच्छांचा मेसेज जायचा. यानेही वहिनींचा संशय वाढायचाच. लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करणाऱ्या मावशी होत्या. वहिनी त्यांना म्हणाल्या, की मी सांगते तेव्हा हे नुसते हसतात आणि सकाळी न बोलता काम करून मोकळे होतात. मावशींनी इस्त्री बाजूला ठेवून गंभीरपणे सांगितलं, नवरा न कटकट करता कामं करायला लागला की काळजी करावी. मीही काउंटरवर पडल्या पडल्या मनातल्या मनात मान डोलावली.

मग एकदा उस्ताद पायरीवर बसलेले असताना शेजारचे एक गृहस्थ गच्चीवरचे कपडे काढायला आले. उस्ताद गडबडीने उठले आणि रेकॉर्डिंग पुसायचं राहून गेलं. सकाळी बसमध्ये गाणी पुढे पुढे ढकलताना वहिनींच्या कानात एकदम त्यांचाच आवाज बोलू लागला. त्यांनी ते सगळं ऐकलं. उतरायचा स्टॉप निघून गेला, तरी त्यांना कळलं नाही.

लाँड्रीत पोचून वहिनींनी हे सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या एका भाचीच्या नवऱ्याने अगदी असंच केलं होतं. बायकोचं बोलणं साठवलं आणि नातेवाइकांना बसवून ऐकवलं. “सोडायची असली की असं करतात,” एवढं बोलून त्या पुन्हा इस्त्री करू लागल्या. वहिनींचा चेहरा उतरला. तीस वर्षांचा संसार एका वाक्यात लटपटला. त्या दिवशी त्यांनी खिसे धड तपासले नाहीत आणि कुणाचा तरी पांढरा कोट निळा झाला.

घरी आल्यावर त्यांनी मला मुकाट्याने उस्तादांच्या हाती दिलं आणि त्या दिवसापासून जेवताना तोंड उघडायचं बंद केलं. पायरीवर बसून उस्ताद ऐकत, तर माझ्यात फक्त ताटांचा खडखडाट. त्यांनी मला हलवलं, कानाशी धरून ठोकलं, बारीक ब्रशने माझा माइक साफ केला. काय म्हणावं याला? त्यांना माझाच संशय आला! मी बिघडलोय असं वाटलं त्यांना. मी असा चिडलो होतो की विचारू नका.

शेवटी एका संध्याकाळी वहिनींनी ताट बाजूला सारलं. मान खाली, आवाज अगदी बारीक.

“होत असेल रेकॉर्ड तर होऊ दे. मला एकच सांगा. मी तुम्हाला नकोशी झालेय का?”

उस्तादांनी वर पाहिलं, हसले आणि म्हणाले, “हो, चालेल की.”

मित्रांनो, मी यंत्र आहे. पण त्या वेळी मला खरंच वाटलं, की आपली बॅटरी इथेच संपावी. वहिनी उठल्या. ताटं उचलली आणि आतल्या खोलीत गेल्या. उस्ताद नेहमीसारखे जिना चढले.

पायरीवर त्यांनी इअरफोन लावले. वहिनींचा प्रश्न आला. पाठोपाठ त्यांचं स्वतःचं ‘हो, चालेल की’. उस्तादांनी ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग ते असे झटकन उठले, की मी त्यांच्या हातून निसटून पायरीवर आपटलो. माझ्या काचेवरचा हा तडा तेव्हाचा. मला उचलून ते धावत खाली आले, चपला वरच राहिल्या.

आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडी होती. वहिनी साड्यांच्या घड्या घालत होत्या, लाँड्रीत घालतात तशा, कडेला कड लावून. उस्ताद बॅगेशेजारी पलंगावर बसले.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “खूप दिवस झाले.”

मग सगळं बाहेर पडलं. वर्कशॉपमध्ये ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाशी दाबून धरायचे. यंत्राची घरघर त्यांना तिथून कळायची, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण माणसांचं बोलणं कळत नव्हतं. बहिऱ्या उस्तादाकडे पंप कोण आणेल, या भीतीने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती जेवताना काय बोलते ते निदान नंतर तरी कळावं, म्हणून ते माझ्यात साठवून ठेवायचे.

“मग विचारायचं होतं ना मला,” वहिनी त्यांच्यासमोर येऊन जोरात म्हणाल्या.

“विचारायचो की. दुसऱ्यांदा विचारलं, की तू म्हणायचीस, जाऊ दे, काही नाही. मग मी विचारणंच सोडलं.”

वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या. पण त्या खिसे तपासणाऱ्या बाई होत्या, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत. त्या उठून उस्तादांच्या पाठीमागे दारापाशी गेल्या आणि तिथून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “अहो, गॅस चालूच राहिलाय.” उस्ताद बॅगेकडे बघत बसून राहिले. “अहो, तुमची बहीण आलीय दारात.” उस्तादांनी मानही वळवली नाही. मग वहिनी खूप हळू म्हणाल्या, “मी चालले.” आणि उस्ताद तसेच पाठमोरे बसून एका साडीचं टोक बोटांनी सरळ करत होते.

वहिनींना तिथेच रडू फुटलं. तेही त्यांना ऐकू गेलं नाही. मीच तेवढा ऐकत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या संशयाची लाज वाटली.

डोळे पुसून त्या समोर आल्या. उस्तादांचं तोंड दोन्ही हातांनी वर केलं आणि सावकाश विचारलं, “मी तुम्हाला नकोशी झालेय का?”

“पुन्हा म्हण,” उस्ताद म्हणाले.

वहिनींनी पुन्हा म्हटलं, प्रत्येक शब्द सुटा सुटा करून.

“नाही गं,” उस्ताद म्हणाले. “तुझं एक वाक्यसुद्धा हुकू नये, म्हणून तर हा घेतला.”

पुढे उस्तादांच्या कानामागे एक छोटंसं यंत्र आलं. काही गिऱ्हाइकं तुटली, बाकीची मोठ्याने बोलायला शिकली. माझं काम संपलं. आता मी खणात असतो, कधीतरी वहिनी धूळ पुसतात. माझी बॅटरी दम धरत नाही, तडा वाढत चाललाय. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी पडून असेल, तर त्याला ओलसर जागी टाकू नका, एवढं माझ्यासाठी करा.

आणि एक त्या दोघांसाठी. घरात कुणी फार मोठ्या आवाजात गाणी लावत असेल, न ऐकताच हसत असेल, तर त्याच्यावर संशय घेण्याआधी जरा त्याच्या समोर जाऊन बसा. आणि त्याने दुसऱ्यांदा ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं, तर ‘जाऊ दे’ म्हणू नका, मित्रांनो. पुन्हा सांगा.