गादीवाल्याची पाठ

शिंप्याचं बटण तुटलेलं चालतं, डॉक्टरला सर्दी झालेली चालते, पण गादीवाल्याची पाठ दुखून चालत नाही. आमचा गादीवाला तर गेले कित्येक आठवडे जमिनीवर फळी टाकून झोपत होता. हे बाहेर फुटलं असतं, तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

झालं होतं एवढंच, की कपाट सरकवताना पाठीत चमक भरली. तेव्हापासून त्यानं पाठीला दुकानातल्या महागड्या गादीसारखं वागवायला घेतलं. वाकवायची नाही, दुमडायची नाही, शक्यतो हलवायचीच नाही. पेन खाली पडलं तर ते उचलायला गिऱ्हाईक येईपर्यंत तिथंच. त्याच्या पायात मोजे बायको चढवायची. शिंक आली की आधी भिंत धरायचा, मग घरच्यांना सूचना द्यायचा, आणि तोवर शिंक निघून गेलेली असायची.

शेवटी बायकोनं भाचीला बोलावलं. भाची फिजिओथेरपिस्ट. तिनं त्याला वाकवून, पाय उचलायला लावून, टाचांवर चालवून बघितलं.

"मामा, पायाला मुंग्या नाहीत, ताकद शाबूत आहे. डॉक्टरही तेच म्हणाले. स्नायू धरला होता, तो केव्हाच बरा झाला."

"मग दुखतं ते काय, हौस म्हणून?"

"दुखतं ते खरंच. पण दुखतंय म्हणजे मोडलंय असं नाही. शेजाऱ्यांच्या गाडीचा अलार्म कसा, मांजर चढलं तरी कोकलतो! तुझ्या मेंदूनं पाठीला तसला अलार्म लावलाय. तू जितकं घाबरून जपतोस, तितकी त्याची खात्री पटते की चोर आलाच आहे."

"म्हणजे सगळं माझ्या डोक्यात आहे म्हण की!"

"अंगठा ठेचला तरी दुखणं डोक्यातच तयार होतं, मामा. श्वास रोखू नकोस, थोडं थोडं हल, रोज जरा जास्त. आणि त्या फळीवरून ऊठ."

"गाद्या विकता विकता केस पांढरे केले मी, आणि तू मला पाठीबद्दल शिकवतेस?"

"पांढरे कुठले," बायको म्हणाली, "गेले ते."

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्या बाई दुकानात आल्या. नवं हॉटेल, सगळ्या खोल्यांच्या गाद्या एकदम घ्यायच्या होत्या. ही ऑर्डर मिळाली तर दुकान तरणार, नाहीतर समोरचा फोमवाला गिळणार, हे गादीवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

आता या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकासमोर मालकानं स्वतः गादीवर पडून दाखवायचं. पोटावर हात, चेहऱ्यावर हसू. तसा मोठा फोटोच भिंतीवर होता. अलीकडे हे काम बायको करायची. ती चपला काढायला लागली, तर बाई म्हणाल्या, "फोटोत हे आहेत ना? मग यांनाच पडू द्या."

गादीवाला पडला. म्हणजे आधी बसला, मग कलंडला, मग श्वास रोखून आडवा झाला. आणि तिथंच अडकला.

"कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"उठावंसंच वाटत नाही," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"घाम का आलाय यांना?"

"समाधानाचा आहे," बायको म्हणाली. "अहो, उठा आता."

"पडू दे गं जरा."

मामाला बघायला आलेली भाची कोपऱ्यात उभी होती. "मामा, श्वास सोड," ती पुटपुटली. मामानं आणखीच धरला.

हॉटेलवाल्या बाई मात्र खूश दिसत होत्या. "मी असं ऐकलंय, की चांगल्या गादीवर शेजारचा माणूस हलला तरी कप सांडत नाही." असं म्हणून त्यांनी हातातला काळ्या कॉफीचा भरलेला कप त्या पांढऱ्याशुभ्र गादीवर ठेवला. कप कलायला लागला.

गादीवाला उडाला. दुसरा शब्दच नाही. कंबरेतून वळला, झेपावला, कप हवेत धरला आणि दोन्ही पायांवर उभा राहिला. थेंबसुद्धा सांडला नाही. मग त्याला आठवलं की आपली पाठ दुखते.

"आई गं!"

"उशिरा आठवलं, मामा," भाची म्हणाली.

पण बाई दोन पावलं मागं सरकल्या होत्या. "अहो, ही स्प्रिंग माणसाला उडवते! माझ्या खोल्यांत पंखे आहेत, म्हातारे पाहुणे येतात." त्यांनी पर्स उचलली.

आता एकतर गादी गुन्हेगार ठरणार होती, नाहीतर पाठ. गादीवाल्यानं बायकोकडं बघितलं. तिनं मान डोलावली.

"बाई, गादीनं नाही उडवलं. मी अडकलो होतो. पाठ दुखते माझी. घरी जमिनीवर झोपतो, फळी टाकून."

बाईंनी पर्स खाली ठेवली.

"फळी कुठल्या लाकडाची?"

"काय?"

"माझी फार टोचते हो. हॉटेल बांधता बांधता पाठ धरली, तेव्हापासून मीही खालीच. पण पाहुण्यांना झोपवायला निघालेली बाई जमिनीवर झोपते, हे सांगू कुणाला?"

भाचीला एवढंच हवं होतं. तिनं दोघांनाही शेजारशेजारच्या गाद्यांवर आडवं केलं, काचेच्या दर्शनी खिडकीतच, कारण बाकीच्या गाद्यांवर उशांचे ढीग होते.

"गुडघे वर. आता दोन्ही गुडघे डावीकडं. श्वास सोडत. मामा, सोडत! दुखेल तिथं जरा थांबा, पळून येऊ नका. आता उजवीकडं."

"दुखतंय," बाई म्हणाल्या.

"मलाही," गादीवाला म्हणाला. "पण मघापेक्षा जास्त वळलो की!"

"माझी गादी तुमच्यापेक्षा बरी आहे. कुशीवर वळायला जोर लागत नाही."

"ती स्वस्तातली आहे," गादीवाल्याच्या तोंडून निघून गेलं. बायकोनं कपाळाला हात लावला.

"मग हीच. सगळ्या खोल्यांना." बाई गुडघे उजवीकडं नेत म्हणाल्या. "उठवू नका मला इतक्यात."

बाहेर काचेला नाकं लावून गर्दी जमली होती. एका गृहस्थांनी दार उघडून आत डोकं घातलं. "हे काय चाललंय? आम्हालाही करता येईल का?"

"येईल की," बायको पावतीपुस्तक शोधत म्हणाली, "चपला बाहेर काढा, आणि रांगेत या."