बुरूज नसलेला किल्ला

सिद्धेशचं डोकं फिरायचंच बाकी होतं. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरापुढच्या हिरवळीवर गेली अकरा वर्षं दर दिवाळीला त्याने केयाला घेऊन किल्ला केला होता. रायगड झाला, राजगड झाला, जंजिऱ्यासाठी तर पोरीचा प्लॅस्टिकचा टब जमिनीत पुरला होता. आणि यंदा, केया कॉलेजला जाण्याआधीच्या शेवटच्या दिवाळीला, तिथे लाल मातीचा नुसता गोल ढिगारा. ना बुरूज, ना तट. पुढून आत जाणारं हातभर लांब दगडी बोळ आणि त्या दगडांवर स्क्रू ड्रायव्हरने कोरलेल्या वेटोळ्यांच्या चकल्या.

ही कबर आहे, असं केयानेच सांगितलं, वर अभिमानाने. उन्हाळ्यात शाळेच्या सहलीबरोबर आयर्लंडला गेली आणि पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं डोक्यात घेऊन आली. वर्षातल्या ठरलेल्या सकाळी म्हणे सूर्य बोळातून थेट शेवटच्या दगडापर्यंत पोचतो.

दारात कबर, तीही दिवाळीत! सिद्धेशने बायकोकडे दाद मागितली, तर रुपालीने लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. आषाढात पुण्याला त्याचे वडील, अण्णा, गेल्यामुळे यंदा फराळ नव्हता, कंदील नव्हता. किल्ला मात्र करायचाच, हा सिद्धेशचा हट्ट. अण्णा दर वर्षी व्हिडिओ कॉलवर किल्ला तपासायचे आणि चुका काढायचे. केया प्रत्येक चुकीवर "नोटेड, अण्णा" म्हणायची. यंदा चुका काढणारं कोणी नव्हतं, म्हणूनच त्याला एकही चूक नको होती.

"किल्ल्याच्या जागी असलं काही करतात का गं?"

"बाबा, रायगडावर समाधी आहे ना? तू कधीच केली नाहीस."

तो आणखीच चिडला. मावळे कुठे ठेवणार, असं विचारलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, एकच लागेल, तो घेतलाय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच केयाने त्याला हलवून उठवलं. समोरच्या दोन घरांमधून सूर्य वर येत होता आणि ढिगाऱ्यावर सिद्धेशच्याच गाडीची सावली पडली होती.

"कार मूव्ह कर ना, लवकर. फक्त पाच-सहा मिनिट्स असतात."

रात्री सांगायला काय झालं होतं, असं पुटपुटत त्याने किल्ली शोधली, ती कालच्या पॅन्टच्या खिशात निघाली. गाडी मागे घेताना कचऱ्याचा डबा आडवा केला. मग ओल्या गवतात पोटावर झोपायचा हुकूम झाला. कुत्रा फिरवणारी शेजारीण बघत राहिली. तो चरफडत झोपला.

ऊन एकेक चकली ओलांडत आत सरकलं. शेवटच्या दगडापाशी मातीचा मावळा उभा होता. चौथीत सिद्धेशच्या हातून पडलेला, अण्णांनी रात्री जागून मान चिकटवलेला. मान अजून थोडी वाकडीच होती.



"तोंड जरा डावीकडे हवं होतं," सिद्धेश अण्णांच्या सुरात म्हणाला, आणि जूनपासून न आलेलं रडू त्याला आलं.

केया त्याच्या शेजारी गवतात आडवी झाली.

"नोटेड," ती म्हणाली.