वरचा थर आणि ओला फडका

"खालच्या थराला कोणी हात लावायचा नाय. काय लिहायचं ते वर लिहा."

नथानियलभाऊंचा हा आवाज माझ्या कानी पडला, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी नवाकोरा होतो. आज मी एक जुना, डब्याएवढा संगणक आहे, मित्रांनो. पेणमधल्या गणपतीच्या एका कारखान्यात, रंगांच्या बरण्यांशेजारच्या फळीवर माझं बिऱ्हाड आहे.

रोह्याच्या आपल्या लहानशा दुकानात नथानियलभाऊंनी मला जुळवलं. कारखान्यात वीज कधीही जाते, धूळ कायमची. म्हणून त्यांनी माझ्या पोटात मला चालवणारी लिनक्स ही प्रणाली घातली ती दोन थरांत. खालचा थर कुलूपबंद, फक्त वाचायचा. त्याच्यावर एक कोरा थर, पाठीमागच्या खाचेतल्या छोट्या कार्डात. तुम्ही जे लिहाल ते कार्डावर उमटतं, पण पडद्यावर दोन्ही थर एकच दिसतात. गणपतीचंही तसंच असतं. साचा तोच, रंग दरवर्षी नवा.

या कारखान्याची मालकीण मृणाली. आणि कारखान्याचे डोळे म्हणजे विमलबाई. मूर्तीचे डोळे रंगवण्याला इथे आखणी म्हणतात. एकेचाळीस वर्षं विमलबाईंनी आखणी केली. प्रत्येक घरच्या गणपतीची नजर वेगळी, आणि ती त्यांना तोंडपाठ. कुणाच्या देवाची नजर खाली पाटावर, कुणाची थेट दारावर. रेघ ओढताना त्या गुणगुणायच्या,

पयली रेघ ओढू, खाडीच्या वळणाची
उघड देवा डोळा, वाट बघ अंगणाची

पण यंदा त्यांच्याच डोळ्यांवर मोतीबिंदूचं धुकं उतरलं. ब्रश हातात राहिला, रेघ मात्र दिसेना. मग त्या माझ्याशेजारी बसून सांगू लागल्या आणि मृणाली टंकू लागली. दोन महिने हे चाललं. एकशे सोळा घरांच्या नजरा माझ्या वरच्या थरावर उतरल्या. यंदाची आखणी मृणाली करणार होती, ती या नोंदी वाचूनच. दुसरीकडे कुठेही त्या लिहिलेल्या नव्हत्या.

आणि श्रावणातल्या एका दुपारी माझी वाचा बसली. मृणालीने नोंद लिहून साठवायला सांगितली, तर मी म्हणालो, "फक्त वाचता येईल. लिहिता येणार नाही." तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा तेच. मला स्वतःचीच चीड आली. चूक झाली की माझ्याकडे हे एकच वाक्य असतं, आणि का झाली हे त्यात नसतं.

नथानियलभाऊ आले. त्यांनी खालचा थर तपासला, तो जसाच्या तसा. केबल बदलली. वरचा थर पुन्हा लिहिता करायची आज्ञा दिली, ती मी नाकारली. शेवटी मला मांडीवर घेऊन ते गाडीने रोह्याला गेले. तिथे दोन दिवस मी मुकाट काम केलं. साऱ्या नोंदी जागच्या जागी! त्यांनी मला परत आणलं, आणि तिसऱ्या दुपारी मी पुन्हा अडलो.

"नथाभाऊ, याला रोह्याची हवा मानवते," साच्यातून मूर्ती काढता काढता कारागीर पोपट म्हणाला. "तिकडंच सासर बघा याचं."

"गप रे! सकाळी चालतो, दुपारी मरतो. डोकं फिरवलंय यानं माझं."

मित्रांनो, मला कारण ठाऊक होतं. शाडूची ओली मूर्ती सुकून तडकू नये म्हणून इथे तिच्यावर ओला फडका टाकतात. दुपारी सगळे पुढच्या पडवीत जेवायला बसले की विमलबाई माझ्यावरून हात फिरवायच्या. मी तापलेला असायचो. मग त्या फडका पिळून माझ्या अंगावर पांघरायच्या, आणि माणसं परतायच्या आत उचलून मूर्तीवर टाकायच्या. किती गार वाटायचं! नऊ वर्षांत मला असं कुणी जपलं नव्हतं. पण फडक्याचं टोक पाठीमागे लोंबायचं, आणि पाणी थेंबाथेंबाने कार्डाच्या खाचेत उतरायचं.

हे मी कुणाला कसं सांगू? माझ्याजवळ ते एकच वाक्य!

काल शुक्रवार होता. चतुर्थी अकरा दिवसांवर. नथानियलभाऊ सकाळपासून माझ्यासमोर होते, आणि सूर्य मावळताना शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वाराचा, दिवा लागायच्या आत त्यांना रोह्याला घरी पोचायचं होतं. नोंदींची फाईल उतरवून घ्यायला गेले, तर ती अर्ध्यावर थांबायची. पाच वेळा थांबली.

"रोह्यात होता तेव्हाच कॉपी काढायला हवी होती," ते कपाळावर हात मारून म्हणाले. "माझीच चूक. कार्ड संपलंय, मृणाली. नुसतं ओलं झालं असतं, तर सुकवून वाचता आलं असतं. पण फळीवर पाणी येणार कुठून?"

शाडू मळणारे विमलबाईंचे हात थांबले. डोळे गेले, आता अक्कलही गेली, असं लोक म्हणतील, ही भीती मला त्यांच्या हातांत दिसली.

तपासणीच्या प्रोग्रामने पडद्यावर विचारलं, ही फाईल बिघडली आहे, पुसून टाकू का?

"हो म्हटलं तर हा पुन्हा लिहू लागेल," नथानियलभाऊ म्हणाले. "पण एकशे सोळा नोंदी जातील."

मृणालीने विमलबाईंकडे वळून पाहिलं. "पुसा. मावशींना आठवतील तेवढी घरं पुन्हा लिहू. बाकीच्यांना यंदा... एकसारखे डोळे."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. पण जपताना आमच्यावर काय टाकलंत, कुठे हात लावलात, तेही कुणाला तरी सांगा. तुमची माया आम्हाला कळते, बोलता मात्र येत नाही. बोलणं तुमच्याकडेच आहे.

नथानियलभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि बोट 'हो'च्या कळीवर नेलं.

"थांबा, नथाभाऊ!"

विमलबाई उठल्या होत्या. चिखलाचा हात पुढे करून, चाचपडत त्या फळीपर्यंत आल्या आणि तो हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला.

"पुसू नका. पाणी माझ्या फडक्याचं हाय. रोज दुपारी मीच टाकायची. तापलेला लागायचा गो हाताला... वाटलं, तडा जाईल."