पर्सीसाठी परतलेला कप्तान

माझा नवरा नेव्हिल दुधाच्या रिकाम्या बाटल्या दाराबाहेर ठेवायला रोज विसरतो. पण 'दीपगृह' मालिकेच्या कोणत्या भागात कोणाच्या गणवेशाचे बटण तुटलेले होते, हे त्याला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. हे दीपगृह अंतराळातले. तिथे एक कप्तान, त्याची चार माणसे आणि पर्सी नावाचा यंत्रमानव. पर्सी म्हणजे न्हाणीघरातल्या बंबाला हात फुटावेत तसा. नेव्हिल सात वर्षांचा असताना ही मालिका टीव्हीवर एकदा लागली आणि पुन्हा कधी लागलीच नाही. त्या एकदा पाहण्याच्या जोरावर या माणसाने आजवरचे आयुष्य काढले आहे.

तो गॅसच्या शेगड्यांच्या दुकानात काम करतो. तिथे त्याचे कोणी ऐकत नाही. घरी मी ऐकत नाही. पण महिन्यातून एका रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत 'दीपगृह मंडळ' भरते, आणि तिथे नेव्हिल बोलू लागला की लोक चहा गार होऊ देतात. मंडळाचे 'प्रकाशझोत' नावाचे मासिक आहे. त्यात त्याने प्रत्येक भागाची गोष्ट निव्वळ आठवणीतून लिहून काढली. आमचा डेरेक प्लॅट, बस चालवणारा, नेहमी म्हणतो, "नेव्हिलला आठवतंय ना? मग तसंच होतं." मी स्वयंपाकघरातून नाक मुरडते, पण हे वाक्य ऐकायला मला आवडते.

यंदा एका छोट्या कंपनीने ही मालिका व्हिडिओ कॅसेटवर आणली. परीक्षणासाठी प्रत्येक कॅसेट आमच्याकडे आधी येते. ती आली की नेव्हिल हात धुतो. मी केलेल्या जेवणाला बसतानासुद्धा तो इतका नीट हात धूत नाही. आधी खोक्याचे परीक्षण, मग आवाजाचे, मग चित्राचे, आणि सगळ्यात शेवटी गोष्टीचे. तिसऱ्या कॅसेटच्या गुणांतला त्याने एक तारा कापला. का, तर खोक्याच्या पाठीवरचे नाव बोटभर खाली छापले होते आणि फळीवर ओळीने लावल्यावर ते डोळ्यांत खुपत होते. मी म्हटले, "अरे, कॅसेट बघायची की तिची पाठ?" तर तो म्हणाला, "जॅनिस, बघून झाल्यावर आयुष्यभर पाठच दिसणार आहे."

मग शेवटची कॅसेट आली. तिच्यातला शेवटचा भाग मी कधी पाहिला नव्हता, पण मला तो पाठ होता. आमचे जमण्याआधी, बस थांब्यावर कागदातल्या चिप्स खाता खाता नेव्हिलने तो मला सांगितला होता. दीपगृह जळत्या ताऱ्यात कोसळत असते. बाहेर पडायचे दार उघडे राहायला कोणीतरी आतून दांडा धरून ठेवायला हवा. पर्सी धरतो. सगळे नावेत बसून सुटतात. आणि मग कप्तान ओरडतो, "नाव थांबवा! पर्सी आपला माणूस आहे." तो परत जातो, दांड्यात एक लोखंडी सळई अडकवतो आणि पर्सीचा चिमट्यासारखा हात धरून त्याला बाहेर काढतो. हे सांगताना नेव्हिलच्या चिप्स गार झाल्या आणि डोळे भरून आले. खरे सांगते, त्या संध्याकाळी मी ठरवले की लग्न करायचे तर याच्याशीच.

म्हणून या कॅसेटला मीही हातातले काम टाकून शेजारी येऊन बसले. पर्सीने दांडा धरला. नाव सुटली. मी नेव्हिलचा हात धरला. नाव लहान लहान होत गेली, पर्सीचा दिवा एकटाच मिणमिणत राहिला, आणि पडद्यावर कलाकारांची नावे सरकू लागली.

नेव्हिलने कॅसेट मागे घेतली. पुन्हा नाव सुटली, पुन्हा पर्सी मागे राहिला. तिसऱ्यांदाही तसेच झाले. मग तो उठून टीव्हीच्या मागे वाकून पाहू लागला, जणू कप्तान तिकडे पडला होता.

"कापलंय," तो म्हणाला. "जॅनिस, त्यांनी कापलंय!"

त्याने कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईने शांतपणे सांगितले, मूळ रीळ मी स्वतः पाहिले आहे, एक तुकडाही कापलेला नाही. त्याच आठवड्यात शेफील्डच्या दुसऱ्या मंडळाचे मासिक आले. त्यांनी छापले होते की असा प्रसंग कधी नव्हताच, आणि बार्न्सलीचे नेव्हिल हॉइल हे इतकी वर्षे लोकांना थापा मारत आले आहेत.

नेव्हिलने जेवणाचे ताट सरकवले. दोन दिवस तो दुकानातून येऊन नुसता बसून राहायचा. मग त्याने परीक्षण लिहायला घेतले. पहिलेच वाक्य होते, 'हा दरोडा आहे.' कोणीही ही कॅसेट विकत घेऊ नये, असा ठराव रविवारी मंडळात करायचा आणि सगळे एकदम छापायचे, असे ठरले.

"तुला नक्की आठवतंय ना?" मी भीतभीत विचारले.

"मी थापाड्या आहे का? लिन माझ्या शेजारी बसली होती. विचार तिला!"

लिन म्हणजे लिनेट, माझी नणंद, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. वेकफील्डला एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असते. मी तिला फोन करून सगळे सांगितले. म्हटले, रविवारी ये आणि या लोकांसमोर एकदाच सांगून टाक, म्हणजे त्या शेफील्डवाल्यांची तोंडे बंद होतील.

"नेव्ह फार चिडलाय का गं?" तिने विचारले.

"चिडला असता तर परवडलं असतं. घाबरलाय. मंडळात त्याच्या शब्दाला मान आहे, लिन. त्याच्याकडे दुसरं आहे काय? माझा स्वयंपाक?"

"येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी सगळे जमले. पॅम, जी दर बैठकीला लोकरीचे छोटे पर्सी विणत बसते, ती सुया घेऊन कोपऱ्यात. डेरेक खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीपाशी उभा, भाषणाच्या तयारीत.

"मी शपथेवर सांगतो," डेरेक म्हणाला, "कप्तान परत येतो तेव्हा त्याची बाही पेटलेली असते. मी बघितलंय."

"आणि तो रडतो," पॅम म्हणाली. "एकच थेंब. डाव्या डोळ्यातून."

"आणि ती सळई! लाल मुठीची!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नेव्हिलच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा रंग आला. तेवढ्यात लिनेट आली. हातात आल्याच्या केकचा डबा, अंगावर कोट तसाच.

"आली माझी साक्षीदार!" नेव्हिल म्हणाला. "लिन, सांग यांना. कप्तान परत आला होता की नाही?"

लिनेटने डबा माझ्या हातात दिला. "नाही, नेव्ह."

"म्हणजे?"

"परत कोणी आलं नव्हतं. मी तुला तसं सांगितलं होतं." ती उभ्यानेच बोलत राहिली. "खाण कामगारांचा संप होता तेव्हा. कोळसा नाही म्हणून दिवे जायचे, आठवतंय? कोणत्या वस्तीतले दिवे कधी जाणार ते पेपरात यायचं. बाबा स्वतः संपावर, आणि आई म्हणायची, तुमच्या संपाने माझी इस्त्री राहिली. त्या शनिवारी पर्सीने दांडा धरला आणि आपली गल्ली अंधारात गेली. तू असा भोकाड पसरलास की शेजारी येऊन विचारायला लागले. एल्सीमावशीची गल्ली रुळांच्या पलीकडे, तिथे दिवे होते. तूच मला पिटाळलंस, 'जा, बघून ये.' मी धावत गेले, शेवट बघितला आणि धावत आले."

"पण मला दिसतोय तो," नेव्हिल म्हणाला. "दाराची चौकट, मागे सगळं लाल..."

"तू शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत ऐकत होतास."

डेरेक पुढे सरसावला. "माफ करा हं बाई, पण मी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. डॉनकास्टरला. सळई लाल मुठीची होती!"

"लाल मूठ आमच्या शेगडीच्या सळईची होती, कोळसे उकरायच्या. हातात तीच होती, म्हणून मी तीच घातली गोष्टीत. अंतराळात कोळसे उकरायची सळई कशाला असेल हो?"

पॅमच्या सुया थांबल्या. एवढी शहाणी माणसे, यांनी कप्तानाच्या बंदुकीच्या चुकीच्या रंगावर चार-चार पाने लिहिलेली, आणि ही शंका एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मला हसू येत होते आणि त्याच वेळी नेव्हिलकडे पाहवत नव्हते.

डेरेकने घसा साफ केला. "हे बघ नेव्हिल, तेव्हा या स्वतःच लहान होत्या. चुकीचं आठवत असेल. आपण इतके जण आणि त्या एकट्या. ठराव मांडू या. कंपनीने प्रसंग कापला, असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. एकेक करून सगळ्यांचे. नेव्हिलने नुसते गप्प बसायचे होते. ठराव झाला असता, शेफील्डवाले तोंडावर आपटले असते आणि त्याचा शब्द आहे तिथे राहिला असता. लिनेटने कोटाची बटणे लावली. "बस साडेचारची आहे," ती मला हळूच म्हणाली. मला त्या क्षणी नेव्हिलचा राग येऊ लागला. मनात म्हटले, बोल रे बाबा, नाहीतर चिप्सवाल्या त्या संध्याकाळी मीच फसले असे होईल.

"हात खाली करा," नेव्हिल म्हणाला.

"अरे, पण..."

"लिन खोटं बोलत नाही."

"आत्ताच तर म्हणाल्या त्या, की खोटं बोलले!"

"ते खोटं ती माझ्यासाठी बोलली होती, डेरेक. आज माझ्या विरुद्ध बोलतेय, तेही माझ्याच घरात, तुम्हा सगळ्यांसमोर. कोण उगाच करेल असं?" त्याने खिशातून परीक्षणाचा कागद काढला. "मी चुकलो. ते परीक्षण फाडतो आणि दुसरं लिहितो. कॅसेट पूर्ण आहे, काहीही कापलेलं नाही, शेफील्डवाले बरोबर आहेत. लोकांनी ती घ्यावी."

डेरेक मटकन खुर्चीत बसला. "मग मी काय बघितलं रे?"

"माझं लिहिलेलं वाचलंस."

"मग ती बाही? पेटलेली?"

"ती मात्र तुझी तू पेटवलीस."

कोणीतरी हसले, पण ते हसू लगेच विरले. माणसे चहाच्या कपात बघू लागली. इतकी वर्षे ज्याचा शब्द प्रमाण मानला त्याच्याशी आता काय बोलावे, हे कोणालाच सुचत नव्हते. नेव्हिललाही ते दिसत होते. त्याचे कान लाल झाले होते. दुकानात साहेब ओरडला की होतात, तसे. मला उठून त्याच्याजवळ जावेसे वाटले, पण तो लिनेटकडे वळला.

"एकच सांग. खरं का नाही सांगितलंस मला? मी काय इतका नाजूक होतो? पर्सी मागे राहिला, एवढं तर सांगायचं."

"तेच सांगणार होते," लिनेट म्हणाली. "रेल्वेच्या पुलाखालून धावत येताना तेच घोकत होते. पर्सी राहिला, पण शूर होता, त्याने सगळ्यांना वाचवलं. असं सांगायचं, म्हणजे तू कमी रडशील."

"मग?"

"दार उघडलं तर तू अंधारात पायपुसण्यावर बसलेला. एक बूट घातलेला, दुसरा हातात. नाडी बांधता येत नव्हती तुला. मी विचारलं, कुठे निघालास? म्हणालास, 'त्याला आणायला कोणी गेलं नसेल तर मी जातो.'"

कोपऱ्यात पॅमने लोकरीच्या पर्सीतच तोंड खुपसले.

"बाहेर बर्फ पडत होता, नेव्ह," लिनेट म्हणाली. "मी म्हटलं, कप्तान गेलाय त्याला आणायला. बूट काढ."